स्मॉलमाउथ बाससाठी पहिला फ्लाय रॉड: मासा नंतर, आधी फ्लाय बघा

फ्लाय रॉड घ्यायचा म्हटलं की नवीन माणूस पहिली चौकशी करतो ती माशाची, किती किलोचा, किती ओढतो, रॉड मोडेल का वगैरे. माझं म्हणणं सरळ आहे, मासा नंतर बघू, आधी फेकणार काय आहात, म्हणजे कुठला फ्लाय (हुकला पिसं-केस बांधून केलेलं नकली भक्ष्य) ते सांगा. स्मॉलमाउथ बासच्या बाबतीत तर हे फारच खरं, कारण अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला हा मासा बहुतेक वेळा किलो-दीड किलोच्या आतलाच असतो पण त्याला आवडणारे फ्लाय जड असतात नाहीतर ढोबळ असतात, आणि रॉडचा कस लागतो तो ते फ्लाय फेकताना, मासा ओढताना नाही.

हे आत्ता लिहायचं कारण माझा भाचा. शिकायला म्हणून अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गला गेलाय आणि सस्क्वेहाना नदी त्याच्या खोलीपासून चालत जाण्याएवढी जवळ. गोव्यात पेडण्याला आमच्याकडे सुट्टीला आला की शापोरा नदीच्या काठाला गरी टाकून बसणारा मुलगा, समोर नदी दिसल्यावर त्याला राहवणार कसं. फोन आला, "मामा, इथं नदीत उभे राहून सगळे फ्लायच मारतात, मी कुठला रॉड घेऊ?" आणि विचारता विचारता सांगूनही टाकलं की ५ वेटचा (वेट म्हणजे रॉडवरचा नंबर, तो खाली सांगतो) एक पसंत केलाय, व्हिडिओत सगळ्यांच्या हातात तोच असतो म्हणून. व्हिडिओतलं बरोबरच आहे, पण तो ट्राउटचा रॉड. ट्राउटला एवढुस्सा, नखावर मावेल असा फ्लाय हळुवार पाण्यावर ठेवायचा असतो, त्याला ५ वेट उत्तम. आपल्याकडे हिमाचलात तीर्थनला किंवा काश्मीरला जाणाऱ्यांनी तो जरूर घ्यावा. बासला नको. त्याला जे लांबलचक मेसेज पाठवले तेच जरा सरळ करून इथं लिहितोय, कारण गोव्यातही आता ल्युअर (वजनदार नकली मासा) मारणारी पोरं भरपूर झालीत आणि त्यातली बरीच फ्लायकडे वळू बघतायत, त्यांनाही यातलं निम्म्याहून जास्त लागू पडेल.

मुळात हे वजनाचं प्रकरण नीट समजून घ्या, मग पुढचं सगळं आपोआप सुटतं. ल्युअर मारताना ल्युअरलाच वजन असतं, पंधरा-वीस ग्रॅमचा तुकडा भिरकावला की त्याच्या मागनं दोरी जाते. फ्लायमध्ये बरोब्बर उलटं, फ्लायला ल्युअरच्या मानानं म्हणावं असं वजनच नाही, पिसं आणि केस हुकला बांधलेले, ते भिरकावून कुठं जाणार. वजन असतं लाइनला. ती जाडजूड लाइन मागे उलगडायची (मागे-पुढे अशी एकेक फेक म्हणजे कास्ट), थांबायचं, पुढे उलगडायची, आणि फ्लाय शेवटी तिच्या मागनं फरफटत जातो. म्हणून रॉडवर जो ५, ६, ७, ८ लिहिलेला असतो तो लाइनचा नंबर, माशाचा नाही. लाइनच्या पहिल्या ३० फुटांचं वजन किती यावरून तो ठरतो आणि मोजतात ग्रेन या बारीक इंग्रजी मापात, ५ नंबरला १४० ग्रेन, ६ ला १६०, ७ ला १८५, ८ ला २१०. आपल्या ग्रॅममध्ये सांगायचं तर साधारण ९, साडेदहा, १२ आणि साडेतेरा. म्हणजे ५ आणि ७ मध्ये फरक तीन ग्रॅमचा, ऐकायला काहीच नाही, पण त्या तीन ग्रॅमवरच फ्लाय वळून सरळ पडणार की डोक्यावर येणार हे ठरतं.

आता फ्लाय. स्मॉलमाउथ खातो काय तर क्रेफिश, म्हणजे दगडाखाली राहणारा आपल्या सुंगटासारखा (कोळंबीसारखा) पण नांगीवाला प्राणी, छोटे मासे, आणि दगडाखालच्या मोठ्या अळ्या. त्यामुळे फ्लाय तळाशी गेला पाहिजे. यासाठी जो फ्लाय जगभर गेला तो क्लाउझर मिनो, आणि योगायोग असा की तो जन्मला भाच्याच्या दारातच. हॅरिसबर्गच्या थोडं खाली मिडलटाउन म्हणून गाव आहे, तिथले मासेमारीला नेणारे वाटाडे बॉब क्लाउझर यांनी ऐंशीच्या दशकात सस्क्वेहानाच्या स्मॉलमाउथसाठीच तो बांधला, आणि फ्लायवर लिहिणारे-शिकवणारे लेफ्टी क्रे यांनी त्याला नाव देऊन सगळीकडे पोचवला. बनावट अगदी साधी आहे. हुकच्या दांडीवर, दोरा बांधायच्या भोकापासून जरा मागे शिशाचा डंबेल आडवा बांधायचा, दोन्ही बाजूला एकेक गोळा, आणि हरणाच्या शेपटीचे केस वर-खाली थोडेसेच. डंबेलच्या वजनानं हुक पाण्यात उलटा होतो, टोक वर, त्यामुळे दगडात कमी अडकतो. लाइन खेचली की फ्लाय वर उचलतो आणि सोडली की डोकं खाली करून बुडतो, खेच-बुड-खेच-बुड, आणि मासा बहुतेक वेळा बुडतानाच घेतो. केस कमी ठेवा हे मी प्रत्येकाला सांगतो, दाट बांधला की तो बुडायचाच विसरतो. आमच्याकडे मानशीच्या, म्हणजे खाजनाच्या (खाडीकाठी बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) पाणदाराच्या, तोंडाला पांढरा-पोपटी क्लाउझर चोणकाला, म्हणजे रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात त्याला, तितकाच आवडतो. गोड्या पाण्यातल्या अमेरिकन बाससाठी बांधलेली गोष्ट खाजनातल्या खाऱ्या पाण्यात जशीच्या तशी चालते, हे मला फार भारी वाटतं.

पण तोच डंबेल रॉडचा शत्रू. नवीन माणसाचा मागचा कास्ट अर्धवट उलगडतो, तो घाईनं पुढे मारतो, लाइन खाली येते आणि शिशाचा गोळा रॉडच्या टोकाजवळ लागतो, "टक्" असा बारीक आवाज येतो. बघितलं तर काही दिसत नाही, फार तर वार्निशवर एक पांढरट ठिपका. रॉडचं ग्रॅफाइट आतनं चिरलेलं असतं आणि मग कधीतरी छोट्याशा माशावर किंवा साध्या कास्टला तो तिथंच मोडतो आणि माणूस म्हणतो रॉडच खराब होता. तर असा आवाज आला की थांबा, त्या जागेवरनं नख फिरवून बघा. आणि मुळात जड फ्लायला हवेतल्या लाइनचं वळण, म्हणजे लूप, घट्ट आणि टोकदार नकोच, मागचा कास्ट जरा आडवा, बाजूनं घ्यायचा आणि पुढचा डोक्यावरनं आणायचा, हात अंडाकृती फिरतो, लाइनवरचा ताण मध्ये सुटत नाही आणि फ्लाय रॉडपासून लांब राहतो.

दुसरा फ्लाय पॉपर. उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, पाणी शांत असताना, वर तरंगणारा, फोमचा नाहीतर केसांचा. तो जड नसतो पण हवेत अडतो, आणि हरणाच्या केसांचा असेल तर पाणी पिऊन भिजक्या फडक्यासारखा होतो. ५ नंबरची लाइन त्याला वळवून टाकू शकत नाही, लीडर, म्हणजे लाइन आणि फ्लायमधला बारीक दोरा, गोळा होऊन पडतो. फोमचा पॉपर घ्या, नवीन असताना तोच बरा.

आणि वारा. हॅरिसबर्गच्या जरा वर रॉकव्हिलचा दगडी रेल्वे पूल आहे, १९०२ चा, ४८ कमानींचा, लांबी ३,८२० फूट, म्हणजे जवळपास ११६० मीटर. तेवढी रुंद ती नदी, आणि उन्हाळ्यात बराचसा भाग गुडघा-कमरेएवढा, खडकाळ. एवढ्या उघड्या पाण्यावर वारा अडवायला काही नाही. आपल्याकडे फेब्रुवारीपासून दुपारनंतर वायव्येचा वारा सुटला की मोरजीच्या तोंडाला लाइन कशी परत अंगावर येते ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना हे सांगायला नको.

तर माझा निकाल: ९ फूट, ७ वेट, मिडियम-फास्ट (म्हणजे मध्यम कडक), चार तुकड्यांचा. बहुतेक लोक स्मॉलमाउथला ६ वेट सांगतात आणि ते चूक नाही. ज्याचा हात बसलाय, जो लहान ओढ्यात उभा राहून वूली बगर नावाचे छोटे फ्लाय मारणार आहे, त्याला ६ मध्ये मजा जास्त, मासाही हाताला मोठा लागतो. पण नवीन माणसाकडे टायमिंग नसतं, आणि टायमिंग नसताना जड फ्लाय हलक्या लाइननं फेकायला लावणं म्हणजे त्याचा छंद पहिल्याच महिन्यात बंद पाडणं. ७ ला ती दीड ग्रॅमची जास्तीची ढकल मिळते. ८ का नको, तर मोठ्या तळ्यात, जोरदार वाऱ्यात, मोठे फ्लाय मारायचे तर चालेल, पण दिवसभर हात दुखतो आणि पाऊण किलोचा बास त्यावर काहीच वाटत नाही. स्मॉलमाउथचं सगळं सुख त्याच्या उड्या आणि प्रवाहात आडवं होऊन धरलेल्या जोरात आहे, ते हातापर्यंत यायला हवं. या माशाचा विक्रम ११ पौंड १५ औंसाचा, म्हणजे ५.४ किलो, १९५५ साली डेल हॉलो तलावातला, आणि इतकी वर्षं झाली तरी तो तिथंच आहे. त्यामुळे रॉड मोडणारा मासा येईल ही भीती मनातनं काढूनच टाका, नदीतला १८ इंची मासा म्हणजे साधारण दीड किलो, आणि तो मिळाला तर तुम्ही घरी फोन करणार.

या माशाबद्दल एक गोष्ट सांगायचा मोह होतोय. सस्क्वेहाना त्याची मूळ नदी नाही. तो मूळचा ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स आणि मिसिसिपीच्या वरच्या-मधल्या खोऱ्यातला. पूर्वेकडच्या नद्यांत तो माणसांनी नेला, आणि पोटोमॅकमध्ये तर १८५४ मध्ये रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत ठेवून डोंगरापलीकडनं आणलेले थोडे मासे सोडले होते. तिथनं वाढले ते वाढलेच. भाच्याला सांगितलं, तू पण पलीकडनं आलास, ते पण पलीकडनंच आलेले, जमेल तुमचं.

मिडियम-फास्ट का, हे जरा. दुकानात रॉड हातात घेऊन हलवला की फास्ट म्हणजे कडक रॉड फार छान वाटतो, हलका, झटकन सरळ होणारा. पण तो वाकायला लाइनचा वेग लागतो आणि वेग यायला हात बसलेला लागतो. स्मॉलमाउथ बहुतेक ३० ते ५० फुटांतच मिळतो, दगडाच्या मागे पाणी जिथं थांबतं आणि धावतं पाणी त्याच्या कडेनं जातं त्या रेषेवर. तीस फुटावर कडक रॉड वाकतच नाही, मग हाताला काही कळतच नाही आणि माणूस जोर लावतो, जोर लावला की लूप बिघडतो. मिडियम-फास्ट रॉड मागच्या कास्टला थांबलात की मुठीत हळूच ओढ देतो, लाइन मागे पूर्ण उलगडल्याची ती खूण, ती आली की पुढे न्यायचं. ही ओढ ओळखता आली की अर्धं कास्टिंग आलं, बाकीचं पुस्तकी आहे. पूर्ण हळू, फायबरग्लासचा रॉडही मिळतो, छोट्या नदीवर सुंदर, पण वाऱ्यात आणि जड क्लाउझरला पहिला रॉड म्हणून नको.

लांबी ९ फूटच. आखूड रॉड झाडाझुडपात बरा, पण कमरेएवढ्या पाण्यात उभं राहिल्यावर लाइन उचलायला आणि प्रवाहानं ओढलेली लाइन उलटी वर टाकायला लांबी लागते. चार तुकडे अशासाठी की ट्यूब अडीच फुटांची होते, बॅगेत तिरकी बसते, दोन तुकड्यांचा साडेचार फुटी दांडका घेऊन विमानात कुठं जाणार. तुकडे जोडताना गाइड (लाइन जाते त्या कड्या) सरळ रेषेत नाहीत म्हणून पूर्ण बसवलेल्या जोडावर पिळू नका, थोडं तिरकं धरून ढकलता ढकलता सरळ करा. आणि दिवसात दोन-तीनदा जोड दाबून बघा, कास्ट करता करता सैल होतात आणि सैल जोडावरच रॉड फाटतो. मूठ मात्र जरा जाड, दोन्हीकडे फुगलेली बघा, जड लाइनला अंगठ्याला आधार लागतो.

कंपनीचं विचाराल तर ऑर्विस क्लिअरवॉटर, टीएफओ, रेडिंग्टन, एको, या सगळ्यांच्या सुरुवातीच्या रेंज चांगल्या आहेत आणि तिकडं रॉड-रील-लाइन एकत्र, कॉम्बो म्हणून घेतलं की काम होतं. ८००-९०० डॉलरचा रॉड नवीन माणसाला काहीही जास्त देत नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो. त्यापेक्षा दुकानाबाहेरच्या हिरवळीवर दोन रॉड मारून बघू द्या म्हणावं, तिकडची चांगली फ्लाय शॉप आनंदानं देतात, दोन्हीवर एकच लाइन लावून मागायचे, नाहीतर तुलना रॉडची होत नाही, लाइनची होते. आणि मारताना तीस फुटांवर मारायचं, लांब फेकून दाखवायचं नाही.

आता लाइन, आणि इथं मी थोडा हट्टी आहे. पैसे कमी पडत असतील तर रॉड स्वस्तातला घ्या, लाइनवर काटकसर करू नका. कॉम्बोसोबत येणारी लाइन बऱ्याचदा सगळ्याला चालेल अशी असते, म्हणजे बासच्या फ्लायला कमीच पडते. बाससाठी वेट-फॉरवर्ड फ्लोटिंग, आणि त्यातही पुढचं टोक आखूड आणि जाड असलेली, बास किंवा बास-बग टेपर म्हणून मिळते ती. वजन पुढे एकवटलेलं असल्यामुळे दोन फॉल्स कास्टमध्ये (पाण्यावर न टाकता हवेतच केलेल्या फेकींत) फ्लाय निघतो, हवेत पाच-सहा वेळा लाइन नाचवत बसावं लागत नाही, आणि हवेत लाइन जितकी कमी तितका गुंता कमी.

खोक्यावर ग्रेन वाचा. बऱ्याच बास लाइन्स नंबरापेक्षा अर्धा ते एक नंबर जड बनवलेल्या असतात, ७ लिहिलेलं असतं आणि पहिले ३० फूट भरतात २१० ग्रेन, म्हणजे खरी ८ ची लाइन. नवीन माणसाला ते फायद्याचंच, रॉड लवकर वाकतो. पण कुणीतरी सल्ला देतो की रॉडपेक्षा एक नंबर वरची लाइन लाव, तो सल्ला जुना आहे, कंपनीनं आधीच एक नंबर चढवलाय त्यावर तुम्ही अजून एक चढवलात तर रॉड नुसता लोंबकळेल.

आणि हे गोव्यातल्यांसाठी जास्त महत्त्वाचं: थंड पाण्याची लाइन इथं चालत नाही. अमेरिकेत बास-ट्राउटसाठी विकतात त्यातल्या बऱ्याच लाइन्सचं वरचं कव्हर आणि आतला गाभा दोन्ही मऊ असतात, गारठ्यात सरळ राहाव्यात म्हणून. तीच लाइन एप्रिलमध्ये होडीत, उन्हात, ३४ डिग्रीत काढली की ती लिबलिबीत होते, चिकटते, गाइडमधनं सुटत नाही, आणि माणूस समजतो आपला हातच वाईट. इथं ट्रॉपिकल म्हणून मिळते तीच लागते, कडक गाभ्याची. ती उलट सस्क्वेहानावर नोव्हेंबरात नेली तर रीलवरची वेटोळी सुटतच नाहीत. त्यामुळे भाच्याला एका रीलला दोन स्पूल (लाइन गुंडाळायची चाकं) सांगितलेत, एकावर तिकडची, एकावर इकडची.

रीलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. स्मॉलमाउथ लांब पळत नाही, लाइन हातानंच ओढून मासा आणता येतो, रील म्हणजे लाइन ठेवायची जागा. फक्त पुढे कधी खाऱ्या पाण्यात वापरायची असेल तर आत्ताच ड्रॅग (रीलचा ब्रेक) बंदिस्त असलेली घ्या, आणि खाऱ्या पाण्यातनं आल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, रात्रीच, सकाळी नाही. बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे रीलवर असते ती बारीक दोरी, २० पौंडाचं, ५० ते १०० यार्ड पुरे.

लीडर साडेसात ते नऊ फूट, शेवटी ८ ते १२ पौंड. पॉपरला नायलॉन, क्लाउझरला फ्लुरोकार्बन, कारण नायलॉन फार हळू बुडतो आणि फ्लुरो लवकर. ट्राउटवाले १२ फुटी बारीक लीडर लावतात तसलं काही नको, बास एवढा लाजत नाही आणि लांब लीडरला जड फ्लाय वळतच नाही.

मासा लागला की रॉड वर उचलू नका. गरीनं मासे मारत आलेल्या माणसाचा हात आपोआप वर जातो, भाच्याचाही जाणार हे मला माहीत आहे. रॉडचं टोक पाण्याकडे ठेवायचं, लाइन डाव्या हातानं खेचत राहायची, आणि टोचल्यासारखं वाटलं की तीच खेच लांब आणि घट्ट. मासा नसेल तर फ्लाय फूटभरच सरकतो, तिथंच राहतो, आणि मागनं येणारा मासा पुन्हा मारतो. रॉड उचलला तर फ्लाय पाण्याबाहेर, संपलं. शिवाय हुकचा बार्ब, म्हणजे उलटा काटा, पक्कडीनं दाबून टाका आणि डोळ्याला गॉगल, डोक्याला टोपी पाहिजेच, शिशाचा डंबेल लावलेला फ्लाय कानाशी येतो तेव्हा ही चेष्टा नसते. तिकडं १६ वर्षं आणि त्यावरच्या माणसाला लायसन्स लागतं, आणि हॅरिसबर्गच्या आसपास नदीच्या बऱ्याच मोठ्या पट्ट्यात बास पकडला की लगेच सोडायचा नियम आहे. ताईनं हे ऐकून विचारलं की मग एवढा खर्च कशाला. तिला म्हटलं, तू त्याचा मासा आल्यावरचा फोन एकदा स्पीकरवर ऐक.

प्रॅक्टिस गवतावर करा. इथं पणजीत कांपालच्या मैदानावर सकाळी उन्हाआधी जाऊन मी कितीतरी जणांना शिकवलंय, लीडरच्या टोकाला लोकरीचा लाल तुकडा बांधायचा, हुक अजिबात नाही, आणि मागचा कास्ट मान वळवून बघायचा. डांबरावर किंवा सिमेंटवर लाइन टाकायची नाही, कव्हर खरवडतं. मिरामारच्या वाळूतही नको, वाळूचे कण लाइनला चिकटून गाइडमधनं आणि रीलमध्ये जातात. रोज पंधरा मिनिटं पुरतात, एका दिवशी तीन तास करून खांदा धरून बसण्यात अर्थ नाही.

राहिला प्रश्न हा ७ वेट घेऊन भाचा चतुर्थीला आला तर इथं चालेल का. चालेल, पण कुठं ते बघून. ओहोटी लागली की मानशीच्या दारातनं खाजनातलं पाणी नदीत उतरायला लागतं, त्याबरोबर बारकी सुंगटं आणि शेवटे (बोई मासे) वाहत येतात आणि बाहेर जिथं धावतं आणि थांबलेलं पाणी भेटतं त्या रेषेवर चोणक तोंड वर करून उभा असतो, अगदी बास दगडामागे उभा असतो तसाच. किलो-दोन किलोच्या चोणकाला, उघड्या पाण्यात, ७ वेट मस्त. फक्त टोकाला ३० पौंडाचा फूट-दीड फूट जाड तुकडा जोडायचा, त्याच्या कल्ल्याची कड सुरीसारखी चालते. पण खारफुटीच्या मुळात तांबसो, म्हणजे तिथला लाल स्नॅपर, मारायचा तर ७ नको, ८ किंवा ९ पाहिजे. तांबसो फ्लाय घेतो आणि त्याच क्षणी मुळांकडे वळतो, तिथं कालवं चिकटलेली असतात, दोन हात आत गेला की लाइन कापली. त्याला पहिल्या दोन सेकंदात थांबवणारा रॉड लागतो, तेवढी ताकद ७ च्या बुंध्यात नसते. त्यामुळे ज्यांना गोव्यातच मारायचंय, अमेरिका-बिमेरिका काही नाही, त्यांनी सरळ ९ फुटी ८ वेट, ट्रॉपिकल लाइन, बंदिस्त ड्रॅगची रील घ्या, बाकी वरचं सगळं जसंच्या तसं. होडीतनं मारणार असाल तर पायाशी एक मोठी प्लास्टिकची बादली ठेवा आणि खेचलेली लाइन तिच्यात सोडा, नाहीतर ती दोरी, जाळं, वल्हं, नांगर, जे सापडेल त्यात अडकते आणि ते नेमकं चोणक उठतो तेव्हाच.

भाच्यानं कालच ऑर्डर केलाय, ७ वेटच. आता मोपा विमानतळावर यायला निघताना ट्यूब चेक-इन बॅगेत कपड्यांच्या मध्ये ठेव, फ्लायचे हुक आणि पक्कडही हातातल्या बॅगेत नको, त्यातच टाक, आणि येताना मिडलटाउनच्या बाजूला पांढरे-पोपटी केस मिळाले तर दोन शेपट्या जास्त आण, असं सांगून ठेवलंय.